पाच नंबरची चटई

ग्रोनली, २६ फेब्रुवारी

प्रिय लोविसा,

फोन लावला असशील तर लागला नसेल. बंद करून कणगीत टाकलाय. वर्तमानपत्रवाले सकाळी सात वाजल्यापासून सुरू होतात, आणि आई प्रत्येकाला "ती गोठ्यात आहे" असं सांगते. त्यामुळे आता सगळ्या नॉर्वेला वाटतंय की मी गोठ्यात राहते. तुझा पत्ता मात्र पाठ आहे. लहानपणी मेंढ्यांच्या कुरणावरून एवढी पत्रं टाकलीत त्या पत्त्यावर, की झोपेतही लिहीन.

आधी अभिनंदन. मनापासून. कांस्यपदक स्वीडनला मिळालं आणि आम्ही चार सेकंदांनी चौथे आलो, तरी ते तुझ्या गळ्यात आहे हे बघून बरं वाटलं. पूर्ण बरं वाटलं असं लिहिणार होते. खोडून टाकलं.

आता खरं काम. स्की-नेमबाजीच्या मिश्र रिलेत पहिला टप्पा आपणा दोघींचा होता. दुसऱ्या वेळी, उभ्याने नेम मारायला आलो तेव्हा मी पाच नंबरच्या चटईवर होते आणि तू सहाच्या. माझ्या सगळ्यांत जवळ तूच होतीस. मला सांग, मी काय केलं?

मला जे आठवतं ते असं. धुकं इतकं की पन्नास मीटरवरच्या चकत्या कोणीतरी पुसून काढल्यासारख्या. पहिल्या पाच गोळ्यांत तीन चकत्या पडल्या. मग हाताने भरायच्या तीन जादा गोळ्या. त्यातल्या पहिलीने चौथी पाडली. एक उरली, तुझ्या बाजूच्या टोकाची. त्यानंतर एक गोळी मी मारली आणि ती लागली. काळी चकती पांढरी झालेली मी बघितली. तो समाधानाचा श्वासही सोडला. डोळा वर करून बघते तर पाच नंबरवर काळी तशीच उभी. मग शेवटची गोळी घाईत मारली, ती चुकली, आणि दंडफेरीत गेले. त्या दीडशे मीटरला चोवीस सेकंद लागले. शेवटी आम्हाला फक्त चार कमी पडले.

आमचे प्रशिक्षक आस्लाक दुर्बिणीतून बघत होते. ते म्हणतात, तुझ्या आठ गोळ्यांपैकी सात कुठे गेल्या ते दिसलं, एकीचा ठावठिकाणा नाही. पेपरात एकाने लिहिलंय की योरुन दबावाखाली गोंधळते. शेवटच्या टप्प्यावर जिवाच्या आकांताने धावलेला आइविंद माझ्याशी बोलत नाही. विमानात शेजारची जागा होती त्याची. ती बदलून घेतली त्याने.

माझे डोळे बिघडले की डोकं, एवढंच मला कळायला हवंय. तू काही पाहिलंस का?

तुझी,
योरुन

ता. क. त्या संध्याकाळी तू आमच्या हॉटेलवर येशील असं वाटलं होतं. गर्दी असेल, समजू शकते.


ओस्टरसुंद, ४ मार्च

प्रिय योरुन,

तुझं पत्र आलं आणि मी ते उघडायच्या आधी दोन दिवस टेबलावर ठेवलं, कारण इथे नुसती धावपळ आहे. बावीस ठिकाणी बोलावलंय. चौकात तर शेकोट्या पेटवल्या, महापौरबाई भाषणात माझं नाव दोनदा चुकल्या, मग सगळ्यांना क्रीमचे पाव वाटले. मी चार खाल्ले. आई म्हणाली, पदक मिळालं की पोट पण मिळतं का?

होकानला बघायला हवं होतंस. आमचा शेवटचा टप्पा त्याचा होता. छत्तीस वर्षांचा गडी, सोळा वर्षं संघात, आणि हे त्याचं पहिलं पदक. हे शेवटचंही ठरणार, कारण आता तो सोडतोय. त्या उंच मंचावर तो असा रडला की कॅमेरावाल्याने दुसरीकडे कॅमेरा फिरवला. घरी त्याच्या दोन्ही मुली पाळीपाळीने पदक उशाशी घेऊन झोपतात म्हणे.

तू विचारलंस ते. अगं, नेम धरताना शेजारच्याकडे कोण बघतं? मी काही पाहिलं नाही. मला माझीच पडली होती. माझ्याही दोन जादा गोळ्या वाया गेल्या होत्या. धुक्यात माणसाला नाही नाही ते दिसतं. एकदा मला निशाणाच्या जागी कोल्हा दिसला होता, आठवतंय ना? तुला विश्रांतीची गरज आहे. डोळ्यांचं वगैरे काही मनात आणू नकोस.

माझं पत्र वाचून तू म्हणशील की माझ्या स्वीडिशमध्ये आता आईच्या फारशा नॉर्वेजियन चुका उरलेल्या नाहीत. प्रयत्न चालू आहेत.

गुद्रुनमावशीला नमस्कार. ती माझ्यावर रागावली आहे का? आई म्हणते की मावशीने रविवारी फोन केला नाही. बहिणी-बहिणींत तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

तुझी,
लोविसा


ग्रोनली, ११ मार्च

प्रिय लोविसा,

तुझं पत्र वाचून मला माझीच लाज वाटली. तुझ्या आनंदाच्या दिवसांत मी तुला माझ्या गोळ्या मोजायला बसवते आहे. तू अवघडलीस ते ओळीओळीतून कळलं. पदक जिंकल्याबद्दल माझ्यासमोर संकोच करू नकोस. मी काही तेवढी क्षुद्र नाही. थोडी आहे, पण तेवढी नाही.

तरी सांगते, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. थेट शहरात. अडीच तास तपासणी केली. अंधारात बसवलं, दिवे चमकवले, डोळ्यांत थेंब घातले. शेवटी म्हणाला, "बाई, तुमचे डोळे मला मिळाले असते तर मी डॉक्टर न होता नेमबाज झालो असतो." मी बाहेर आले आणि गाडीत बसून रडले. बऱ्याच वेळाने गाडी सुरू करता आली.

आस्लाकनी मला पुढच्या तीन शर्यतींतून वगळलंय. फोनवर नाही सांगितलं, घरी आले. आईने तपकिरी चीज आणि वाफल पुढे ठेवलं, त्यांनी हातही लावला नाही. त्यांनी पुन्हा तेच विचारलं, "ती गोळी कुठे गेली, योरुन?" मी म्हटलं, माहीत नाही. ते फक्त म्हणाले, "बरं," आणि टोपी घालून गेले. नेम चुकणाऱ्या दहा पोरी त्यांनी सांभाळून घेतल्यात. माझ्याच बाबतीत काय झालं कळत नाही.

शर्यतीचं चित्रीकरण मागवून बघितलं. त्या वेळी कॅमेरा पुढे गेलेल्या जर्मन मुलीवर होता. पाच आणि सहा नंबरच्या चटया कुठेच दिसत नाहीत. तुझ्या निळ्या टोपीचं टोक एकदा दिसतं.

संघ सोडते आहे असं पत्र लिहून ठेवलंय. गावच्या शाळेत व्यायाम शिकवायला बाई हव्या आहेत. पंधरा एप्रिलपर्यंत कळवायचं आहे. सत्ताविसाव्या वर्षी माणसाने जागच्या जागी म्हातारं व्हायला हरकत नसावी.

आई रागावलेली नाही. ती फक्त बेरितमावशीला फोन करत नाही.

तुझी,
योरुन


ओस्टरसुंद, १६ मार्च

योरुन,

घाईत लिहिते आहे. ते पत्र पाठवू नकोस. शाळेला काही कळवू नकोस. थांब.

मी ईस्टरला येते, तुमच्या डोंगरावरच्या झोपडीत, आपण लहानपणी जायचो तशी. गुरुवारी दुपारी पोचेन. तेव्हा बोलू.

एक सांग. लागली असं तुला वाटलं ती गोळी कितवी होती? नीट आठवून सांग. कुणाला दाखवायचं नाहीये, मलाच हवंय.

लो.


ग्रोनली, ईस्टरनंतरचा मंगळवार

लोविसा,

सातवी. दुसरी जादा गोळी. हे मला झोपेतही सांगता येईल, आणि सांगतेही, असं आई म्हणते.

गुरुवारी दुपारी मी झोपडीची चूल पेटवली. संत्री आणली होती, तुला आवडतो तो मटणाचा रस्सा चढवला. संध्याकाळी रस्त्यापर्यंत स्कीवरून दोनदा जाऊन आले. शुक्रवारीही. शनिवारी मी एकटीने सात संत्री खाल्ली आणि रविवारी खाली उतरले. तुला यायचं नव्हतं तर तू येते असं का लिहिलंस? मला कोणीच काही स्पष्ट सांगत नाही. मी आजारी असल्यासारखे सगळे हळू आवाजात बोलतात, आणि आता तूही.

आणि हा दुसरा गोंधळ. ईस्टरच्या आधीच्या सोमवारी तुझ्या संघातला होकान आमच्या दारात उभा. साडेतीन तास गाडी हाकत आला होता. म्हणाला, इथून चाललो होतो, म्हटलं डोकवावं. आमच्या घरापाशी रस्ता संपतो, लोविसा. इथून पुढे कोणी कुठे जात नाही, एल्क हरणंसुद्धा परत फिरतात. बाबांनी त्याला आत घेतलं. तीन कप कॉफी प्याला. मग बाबांबरोबर जाऊन फाटकाची निखळलेली बिजागरी बसवून दिली. चांगली बसवली. परत आला, हात धुतले, माझ्यासमोर बसला, आणि टेबलाच्या लाकडाकडे बघत म्हणाला, "तुला झोप येते का?"

मी म्हटलं, येते.

"मग बरं आहे," असं म्हणाला आणि उठून गेला. टोपी इथेच विसरला.

आईला वाटलं मागणी घालायला आलाय. तिला सांगितलं की त्याला बायको आहे, दोन मुली आहेत. तरी ती दिवसभर खिडकीतून रस्त्याकडे बघत होती. मला वाटतं तो माझी कीव करायला आला होता. जिंकलेल्यांनी असं हरलेल्यांच्या घरी येऊन बिजागऱ्या बसवू नयेत. त्याला सांग. टोपी या पत्राबरोबर पाठवते आहे.

योरुन


ओस्टरसुंद, १० एप्रिल

प्रिय योरुन,

हे पत्र मी पाचव्यांदा लिहिते आहे. आधीच्या चारांत मी क्षमा मागायला सुरुवात केली आणि मग क्षमा कशाची हे सांगायचंच राहून गेलं. म्हणून आता आधी गोष्ट.

मी सहा नंबरच्या चटईवर होते. पाच गोळ्यांत चार चकत्या पडल्या. एक राहिली, तुझ्या बाजूच्या टोकाची. पहिली जादा गोळी चुकली. दुसरी चुकली. तिसरी आणि शेवटची मी बोटांत धरली होती, अजून भरली नव्हती. बोटं गारठून लाकूड झाली होती. मी समोर पाहिलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत माझी काळी चकती पांढरी झाली.

मी गोळी मारली नव्हती. ती गोळी तुझी होती. तुझी सातवी.

तू वेडी झाली नाहीयेस. तू नेम धरलास, गोळी लागली, चकती पडली. जे पाहिलंस ते खरंच घडलं. फक्त चकत्यांचा पाट माझा होता. जादा गोळी भरायला मान खाली घातलीस, धुक्यात मान वर केलीस, आणि दोन काळ्या चकत्या शेजारी शेजारी होत्या. तू चुकीची धरलीस.

त्या क्षणी हात वर करून मागच्या अधिकाऱ्याला सांगायला हवं होतं. त्याने माझी चकती परत उभी केली असती आणि मी माझी शेवटची गोळी मारली असती. लागली असती तर काहीच बदललं नसतं. चुकली असती तर मलाही दंडफेरी पडली असती, आणि मग ते चार सेकंद तुमचे होते. लागली असती की नाही हे आता देवालाही माहीत नसेल. मी ती गोळी चटईवर टाकली, रायफल पाठीवर घेतली आणि निघाले.

आता सगळ्यांत अवघड. मला तेव्हा कळलं होतं का? तुला हे विचारायचा हक्क आहे, आणि मला उत्तर येत नाही. काही दिवस आठवतं की मी स्वतःला सांगत होते, थंडीत चकती चिकटते, माझी मघाचीच गोळी लागली असेल आणि चकती उशिरा पडली. हे मी पहिल्या उतारापर्यंत सांगत गेले, दुसऱ्या चढावर सांगत गेले. ज्याला खरं वाटतं त्याला इतक्या वेळा सांगावं लागत नाही. आणि काही दिवस मला नक्की आठवतं की मी दंडफेरीतल्या तुझ्याकडे पाहिलं आणि मला सगळं माहीत होतं.

पहिल्या पत्रात तू विचारलंस आणि मी तुला कोल्ह्याची गोष्ट सांगितली. मग तू डोळे तपासून आलीस. त्या पत्रानंतर मी होकानला सांगितलं. आम्ही त्याच्या गाडीत बसलो होतो, बर्फ साफ करणारी यंत्रं मागून चालली होती. तो म्हणाला, "मला कशाला सांगितलंस?"

मी म्हटलं, तुला माहीत असायला हवं.

"सोळा वर्षं, लोविसा. माझ्याकडे हे एकच आहे." मग त्याने गाडीची काच पुसली, खरं तर ती स्वच्छच होती. "तिला सांगायला हवं. पण तू नाही सांगू शकणार. मी सांगतो."

म्हणून तो तुझ्याकडे आला होता, कीव करायला नव्हे. परत आल्यावर मला म्हणाला, "झोप येते असं ती खोटं बोलली. मला तोंड उघडता आलं नाही. तिचे वडील मला खिळे धरून देत होते. तू सांग." त्यानंतर तो माझ्याशी रोज फक्त एकच शब्द बोलायचा, "सांगितलंस?" ईस्टरच्या गुरुवारी मी निघाले होते. सीमेपर्यंत आले. तिथल्या पेट्रोलपंपावर दोन तास बसून परत फिरले.

आमच्या संघटनेला मी सगळं लिहून कळवलंय. त्याची प्रत सोबत आहे. काय होईल माहीत नाही. क्षमा आता मागितली तरी तिला काही अर्थ नाही, तरी मागते.

लोविसा


ग्रोनली, १७ मे

लोविसा,

आज राष्ट्रीय दिन. पोरं झेंडे घेऊन मिरवून आली, मी परंपरेचा लोकरी पोशाख घालून दोन आइस्क्रीम आणि तीन सॉसेज खाल्ली, आणि आता तोच पोशाख घालून लिहिते आहे, कारण पाठीमागचे हूक एकटीने निघत नाहीत आणि आई नाचायला गेली आहे.

पाच आठवडे उत्तर दिलं नाही. आधीचे दोन आठवडे रागात गेले. तुझं पत्र वाचल्यावर मी लाकडं फोडायला गेले, आणि बाबा म्हणतात की पुढच्या दोन हिवाळ्यांची सोय झाली. कोल्हा! मी अंधाऱ्या खोलीत डोळ्यांत थेंब घालून बसले होते आणि तू मला कोल्हा सांगत होतीस. पेट्रोलपंपावर बसून परत गेलीस, आणि मी रस्त्यावर स्कीवरून चकरा मारत होते. हे मी विसरणार नाही. विसरले असं म्हणेन तेव्हा विश्वास ठेवू नकोस.

मग राग संपला आणि त्याच्याखाली जे होतं ते वर आलं. त्याला तीन आठवडे लागले.

लोविसा, मी सहाचा आकडा पाहिला होता.

सातवी गोळी सुटली, चकती पांढरी झाली, आणि मी डोळा वर केला तेव्हा पाटाच्या वरचा आकडा आधी दिसला. सहा. मग मी मान वळवली आणि पाच दिसला. एक क्षणभर. डोळ्याची पापणी लवते तेवढाच. त्यानंतर मी शेवटची गोळी भरली, आणि त्या भरण्यात तो आकडा कुठे गेला कोण जाणे. दंडफेरीत मी स्वतःला सांगायला लागले की मला काही कळत नाहीये. तू दुसऱ्या चढावर सांगत होतीस ना, तेव्हा मीही सांगतच होते.

दहा वर्षांच्या पोरांना आपण पहिल्या दिवशी शिकवतो, गोळी भरलीस की आधी आपला नंबर बघ. आणि जागतिक स्पर्धेत मी परक्याच्या पाटावर मारली. त्यापेक्षा डोळे बिघडलेले मला चालले असते. डोकं बिघडलेलंही. डॉक्टर म्हणाला डोळे उत्तम आहेत, तेव्हा मी रडले, ते आनंदाने नव्हे. त्याने काहीतरी शोधून काढावं म्हणून मी तिथे गेले होते.

आणि तुला पहिलं पत्र का लिहिलं? तू पाहिलंस का हे विचारायला. तू पाहिलं नाहीस असं लिहिलंस तेव्हा मला केवढं हलकं वाटलं, ते आता सांगायला हरकत नाही. तू मला फसवलंस आणि मला फसायचंच होतं. माझा राग त्यातून वजा केला तर किती उरतो, हे मला कळत नाही. काही उरतो.

मी आस्लाकना जाऊन सांगितलं. ते नांगरटीच्या मधे होते, ट्रॅक्टर बंद केला नाही, त्यामुळे मला हे सगळं ओरडून सांगावं लागलं. मी सहा नंबरवर मारली! शेजारच्या शेतातल्या म्हातारीनेही ऐकलं असेल. तेव्हा त्यांनी ट्रॅक्टर बंद केला.

"मला फेब्रुवारीपासून माहीत होतं," ते म्हणाले. "दुर्बिणीत तुझ्या रायफलीची नळी सहाकडे वळलेली दिसत होती मला. मी वाट बघत होतो."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

"चुकीच्या पाटावर गोळी मारणारी चालते मला. कुठे गेली माहीत नाही म्हणणारी चालत नाही. ती परत तेच करते." मग ट्रॅक्टर सुरू करून पुढे गेले. नांगराचं तास पूर्ण करून परत आले आणि म्हणाले, ऑगस्टच्या शिबिराला ये. पहिला टप्पा देईन असं समजू नकोस.

राहिला आइविंद. त्याच्या घरी गेले तेव्हा तो छपरावर होता, पत्रे बसवत. खाली आला नाही. मी शिडीच्या तळाशी उभी राहून सगळं सांगितलं. तुझंही सांगितलं, कारण नाव न घेता ते सांगता येत नव्हतं. वरची ठोकाठोक थांबली. मग त्याने कडेवरून तोंड काढलं.

"म्हणजे तुझा नेम चुकला नव्हता," तो म्हणाला.

"नव्हता."

"धुक्यात, मिनिटाला दीडशे ठोके पडणाऱ्या छातीने, पन्नास मीटरवरून."

"हो."

"नेम बरोबर होता. देश चुकला."

आणि तो हसायला लागला. छपरावर आडवा पडून हसला. मलाही हसू यायला लागलं. मग मला एकदम लक्षात आलं की त्याचं पदकही त्यात गेलंय आणि तो हसतोय, तेव्हा मला हसू का रडू कळेना, आणि मी शिडीची खालची पायरी धरून बसले. तो खाली आला आणि माझ्या शेजारी बसला. पदकाचं काही बोललो नाही आम्ही. पत्र्यांना कोणता रंग द्यावा ते बोललो.

शाळेला मी काहीच कळवलं नाही, आणि संघ सोडल्याचं पत्रही नाही पाठवलं. हे धैर्य आहे की आळस, तू ठरव.

तुमच्या संघटनेने काय कळवलं?

योरुन


ओस्टरसुंद, ९ जून

प्रिय योरुन,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग बाहेर जाऊन तळ्याकाठी बसले. इतके दिवस मला वाटत होतं की आपल्या दोघींत एकच खोटं बोलणारी आहे. आता दोघी आहोत म्हटल्यावर बरं वाटायला नको होतं. वाटलं.

संघटनेचं उत्तर आलं. हरकत निकालानंतर पंधरा मिनिटांत घ्यायची असते. ती वेळ गेली, निकाल कायम. प्रामाणिकपणाबद्दल आभार मानलेत, खाली तिघांच्या सह्या. मी माझं पदक त्यांच्याकडे पाठवलं होतं. ते परत आलं, सोबत चिठ्ठी की अशा परत आलेल्या पदकाचं काय करायचं याचा नियम नाही. त्यामुळे ते आता आमच्या स्वयंपाकघरातल्या खणात आहे, मेणबत्त्या आणि रबरांच्या शेजारी. घालवत नाही आणि ठेववतही नाही.

पेपरात आलं. दोन दिवस मी चोर होते, तिसऱ्या दिवशी संत, चौथ्या दिवशी हॉकीचा सामना होता. मला दोन्ही ओळखता आल्या नाहीत त्या बायका. संघातल्या एका मुलीने मला स्कीच्या मेणाचा डबा द्यायचं थांबवलंय, दुसरी आता जास्तच गोड बोलते. पुढच्या हंगामात घेतील की नाही सांगत नाहीत.

होकानने पदक ठेवलंय. मी त्याला म्हटलं, तुझं ते तुझंच आहे, तू तुझा टप्पा धावलास. तो म्हणाला, "ते मला माहीत आहे." पण मुलींच्या उशाशी आता देत नाही म्हणे. त्यांनी विचारलं तर सांगतो, झिजेल. मला वाटतं त्याला पदकापेक्षा तुमच्या फाटकाची जास्त काळजी आहे. बिजागरी टिकली का, हे त्याने तुला विचारायला सांगितलंय. मी त्याला म्हटलं, तूच विचार, पत्ता आहे. तो म्हणाला, बघतो.

काल संध्याकाळी फोन वाजला आणि आईने उचलला. पलीकडे गुद्रुनमावशी. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. आधी पाच मिनिटं दोघी पावसाबद्दल बोलल्या. तिकडचा पाऊस, इकडचा पाऊस. मग आईने दार लावून घेतलं. एक तास वीस मिनिटं. मी दाराबाहेर उभी राहून ऐकायचा प्रयत्न केला, पण त्या दोघी एकमेकींशी त्यांच्या गावच्या बोलीत बोलतात, आणि तीही एकाच वेळी, त्यामुळे एक शब्द कळला नाही. एकदा कोणीतरी रडलं, एकदा कोणीतरी हसलं. कोण ते कळलं नाही.

आई बाहेर आली. डोळे लाल. म्हणाली, "दोघींच्या पोरी अगदी सारख्या निघाल्या."

मी विचारलं, "हे चांगलं की वाईट?"

आईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तिला खरंच ठरवायचं होतं, असं वाटलं. मग म्हणाली, "गुद्रुनला विचारते," आणि परत फोन लावायला आत गेली.

तुझी,
लोविसा